न भरणारी जखम

श्रोतेहो, नमस्कार. खरचटले, कापले तर काय करायचे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज मला बोलायचे आहे ते महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांविषयी: मधुमेही माणसाच्या तळपायावरचा व्रण, घोट्याजवळचा सतत पाझरणारा व्रण आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरचा शय्याव्रण.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विल्यम बेअर या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकापुढे दोन सैनिक आणले गेले. दोघांच्याही मांडीची हाडे मोडली होती, पोटावर मोठ्या जखमा होत्या आणि सात दिवस ते अन्नपाण्यावाचून रणभूमीवर पडून होते. अशा जखमी सैनिकांपैकी बहुतेक त्या काळी दगावत. या दोघांना मात्र ताप नव्हता. बेअर यांनी त्यांचे कपडे उतरवले, तेव्हा जखमांमध्ये हजारो अळ्या वळवळत होत्या. ते दृश्य किळसवाणे होते. परंतु जखमा धुतल्यावर तेथे पू आढळला नाही, तर ताजे, गुलाबी मांसांकुर दिसले. बेअर हे दृश्य विसरले नाहीत. दहाएक वर्षांनी, हाडातला जंतुसंसर्ग हटत नसलेल्या रुग्णांच्या जखमांमध्ये त्यांनी मुद्दाम अळ्या सोडल्या. काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा न थांबता त्यांनी माशीची अंडी निर्जंतुक करून त्यांतून अळ्या वाढवण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे प्रतिजैविके आली आणि अळ्या मागे पडल्या. पण २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने वैद्यकीय अळ्यांच्या वापराला परवानगी दिली. या अळ्या पाचक रस सोडून मृत मांस विरघळवतात, ते शोषून घेतात आणि जिवंत मांसाला सहसा धक्का लावत नाहीत.

ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणूनच तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ब्रिटनमध्ये पायांच्या व्रणांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अळ्यांनी जखम मृत मांस मऊ करणाऱ्या हायड्रोजेल या मलमासारख्या औषधापेक्षा लवकर स्वच्छ केली, परंतु ती लवकर भरली नाही. शिवाय वेदना अधिक झाल्या. जखम स्वच्छ होणे वेगळे आणि ती भरणे वेगळे. पुन्हा सांगतो: स्वच्छ होणे वेगळे, भरणे वेगळे.

भरण्यासाठी मूळ कारण दूर व्हावे लागते. नीलांमध्ये रक्त साचून झालेल्या व्रणाला, पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह ठीक असल्याची खात्री करून, दाब देणारी पट्टी लागते. मधुमेही पायावरचा भार काढावा लागतो. शय्याव्रणाच्या रुग्णाची कूस वेळोवेळी बदलावी लागते. जखम उघडी ठेवून वाळवावी, ही समजूत तर जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवरील प्रयोगाने खोडून काढली: पातळ पडद्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली. आज जखमेतला स्राव ओढून घेणारी ऋण दाबाची यंत्रे आहेत, चांदीयुक्त पट्ट्या आहेत. जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, मात्र अजूनही प्रतिजैविकांना दाद देत नाही.

येथे माझे एक ठाम मत नोंदवतो. रोज पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेला जखमेतला बदल सर्वांत आधी दिसतो. तिचे निरीक्षण रुग्णाच्या कागदपत्रांत डॉक्टरांच्या शेऱ्याइतक्याच मानाने उतरले पाहिजे.

आणि मधुमेही श्रोत्यांनो, संवेदना गेलेला पाय दुखून सूचना देत नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल, तर आरसा धरा. व्रण झालाच, तर दर आठवड्याला त्याची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवायला सांगा, आणि चार आठवड्यांत त्याचे क्षेत्रफळ निम्म्यावर आले नसेल, तर उपचार बदलायचा का, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.