दोन रकान्यांत न मावणारी मुंबई

(मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘ग्रामीण आणि नागरी लोकसंख्या व अर्थकारण’. त्यातला ‘आणि’ मला जरा खटकतो. का, ते पुढे येईलच.

आपण बसलोय ते सभागृह मुंबई शहर जिल्ह्यात येतं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा हा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत इथे ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं कमी झाली. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला हे सांगून बघा, तो तुम्हाला वेड्यात काढेल. त्याच दशकात महाराष्ट्रात आणखी दोनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. म्हणजे राज्यातला सगळ्यांत शहरी जिल्हा आणि कौलारू वाड्यांचे दोन जिल्हे एकाच यादीत बसलेत. कोकणातून माणूस मुंबईला आला म्हणून कोकण ओस पडलं, हे आपण तीन पिढ्या ऐकतोय. मग मुंबई का रिकामी होतेय?

उत्तर ठाण्यात आहे. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा, पालघरसकट, दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. लालबागच्या चाळीतला मुलगा डोंबिवलीला गेला, त्याचा भाऊ नालासोपाऱ्याला, आणि चिपळूणचा पुतण्या थेट बदलापूरलाच उतरला. आता गावातून निघालेल्या माणसाच्या वाटेत मुंबई लागतच नाही. तो मुंबईत काम करतो, राहतो दुसरीकडे.

देशपातळीवरही २०११ ला एक गोष्ट स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा घडली. दहा वर्षांत शहरांत जितकी माणसं वाढली, ती खेड्यांतल्या वाढीपेक्षा किंचित जास्त निघाली. दोन्हीकडे नऊ-साडेनऊ कोटींच्या आसपास. नागरी वाटा ३१ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रात तो ४५ टक्के. पण शहरांची ही वाढ आली कुठून? बरीचशी वाढ माणसं न हलता झालेली आहे. जनगणनेच्या हिशेबात एखादं गाव ‘नागरी’ ठरतं ते तीन अटींवर: वस्ती किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी, बरं का. बायका काय करतात यावरून आपल्याकडे गावाचं शहर होत नाही! अशी ‘जनगणना शहरं’ २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. लोक तिथेच, घरं तीच, रकाना बदलला. आणि कारभार? तो ग्रामपंचायतीचाच.

याचा अर्थ काय होतो ते बघायचं असेल तर भिवंडीला चला. म्हणजे यंत्रमागाच्या भिवंडीला नाही, बाहेर. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. खाडीच्या काठची भातशेतीची गावं. मुंबईत माल आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागायची. सगळा माल एकदम शहरात आणून जकातीत पैसा अडकवण्यापेक्षा हद्दीबाहेर साठवायचा आणि विक्री होईल तसा टेंपोने आत न्यायचा, हा व्यापाऱ्याचा साधा हिशेब होता. त्यात जमीन स्वस्त, आणि परवानगीला महापालिकेचे हेलपाटे नाहीत. शेतांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली. कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर भात आणि जागेवर खोकी, अशी अवस्था. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता गोदामं उठणार, असं बऱ्याच जणांनी ठरवूनही टाकलं. झालं उलट. राज्याराज्यांत वेगळा कर भरायची भानगड संपल्यावर कंपन्यांनी ठिकठिकाणची छोटी गोदामं बंद करून मोठं एकच ठेवायला सुरुवात केली, आणि ऑनलाइन खरेदीचा माल तर अशाच जागेवरून निघतो. तुम्ही रात्री मोबाइलवर मागवलेला मिक्सर बहुधा एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतून तुमच्या दारात येतो.

आता या गावाला कुठल्या रकान्यात घालाल? पूर्वीचा शेतकरी भाड्यावर जगतो. गोदामात माल उचलणारी पोरं ठेकेदाराची, बरीचशी परराज्यातली, दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारी. रस्त्यावर कंटेनरच्या रांगा, गटार नाही, पाण्याला टँकर. शहराची धूळ आणि खेड्याचं बजेट, दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला.

मग महापालिकेत का जात नाहीत, असं कुणी विचारेल. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचा इतिहास बघा. महापालिकेत घेतली, लोकांनी आंदोलन केलं, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली, पुन्हा विरोध, पुन्हा कोर्ट. कर शहराचा लागतो ताबडतोब. नळ यायला वर्षं लागतात. लोकांना हे गणित पक्कं कळतं.

आता पैशाकडे येतो. गाव म्हणजे शेती हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात पिकांतून आले ३,७९८, आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा पगाराचा पैसा जास्त येतो. त्या पगारातला काही भाग इथे, आपल्या शेजारच्या वॉचमनच्या केबिनमध्ये कमावलेला असतो. कोकणाला आपण मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचो. आज मनीऑर्डर गेली, मोबाइलवरून पैसे जातात, पण सवय सगळ्या देशाला लागलीय.

खर्चाच्या पाहणीतही हे दिसतं. २०२३-२४ मध्ये ग्रामीण माणसाचा सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता, शहरी माणसाचा ६,९९६. फरक ७० टक्क्यांचा. २०११-१२ मध्ये हाच फरक ८४ टक्के होता. दरी कमी होतेय, चांगलं आहे. पण सरासरी फार लबाड असते. शहराच्या सरासरीत मलबार हिलही येते आणि गोवंडीही. बृहन्मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक २०११ ला झोपडपट्टीत राहत होते, आणि ते सगळे ‘नागरी’च.

त्यातून कोविड आला. २०१८-१९ मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते, २०१९-२० मध्ये ४५.६. लॉकडाऊन उठला, माणसं परतली, तर आकडा खाली यायला हवा होता. २०२३-२४ मध्येही तो ४६.१ होता. गेली साठ-सत्तर वर्षं अर्थतज्ज्ञ सांगत आले की देश पुढे जातो तसा शेतीतला माणूस कारखान्यात जातो. आपल्याकडे तो, आणि त्याहून जास्त ती, शेतात परत गेली. मला यात शेतीची भरभराट दिसत नाही. शहराने नोकरी दिली नाही, एवढंच दिसतं.

आता तो ‘आणि’. गिरणगावात ‘गावाची खोली’ असायची. आजही आहेत, लालबाग-परळ-लोअर परळला. एका गावातल्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतली खोली. आजरा-चंदगडकडच्या, कोकणातल्या कितीतरी गावांची अशी खोली होती. वीस-पंचवीस जण, भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर कपडे. सगळे एका वेळी झोपतच नसत. दिवसपाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाल्याची वळकटी पसरायची. जेवण खानावळीत. दरमहा वर्गणी, वहीत नोंद, आणि उरलेल्या पैशातून गावच्या देवळाचा कळस किंवा शाळेची खोली. जनगणनेला ही माणसं ‘नागरी’, त्यांच्या बायका-मुलं ‘ग्रामीण’. एका कुटुंबाचे असे दोन तुकडे आपण दर दहा वर्षांनी कागदावर करत आलो. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहरात ८३२. हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर छापतात. मी म्हणतो, शेजारी-शेजारी छापा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, पुढे गिरण्या बंद पडल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. खोल्या मात्र टिकल्या. आता तिथे भरतीची तयारी करणारी, पहिली नोकरी करणारी मुलं राहतात. आणि चाळ पुनर्विकासाला निघाली की प्रश्न पडतो: फ्लॅट कुणाचा? भाडेपावती ज्या एकाच्या नावावर, त्याचा, की गावाचा? ज्या गावांनी वेळीच मंडळाची नोंदणी केली ती वाचली. बाकीच्यांची भांडणं गावच्या पारावर चालू आहेत, आणि विषय मुंबईतल्या चौरस फुटांचा.

गिरणी कामगारांच्या घरांचं तर विचारूच नका. सरकारने घरं देतो म्हटलं, कुठे? शेलू आणि वांगणी. मध्य रेल्वेवरच्या, ग्रामपंचायतींच्या कारभाराखालच्या जागा. गाव सोडून मुंबई उभी करायला आलेल्या माणसाच्या वारसाला पुन्हा गावच दाखवलं! कामगार आझाद मैदानात उतरले ते उगाच नाही.

पुढची जनगणना लांबत लांबत आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकावर आलीय. सोळा वर्षांचं अंतर. माझी अपेक्षा माफक आहे. प्रगणकाने घरातली माणसं मोजताना एवढंच विचारावं, की या घराचा खर्च भागवणारं आणखी कुणी दुसरीकडे राहतं का, आणि या घरातून दुसऱ्या कुठल्या घराचा खर्च भागतो का. या दोन प्रश्नांची उत्तरं जुळवली, तर गाव आणि शहर वेगळे करून चालवलेल्या निम्म्या योजनांची फेरमांडणी करावी लागेल. रेशनकार्डात आता पोर्टेबिलिटी आली, म्हणजे एका कार्डावर थोडं धान्य इथे, थोडं गावी उचलता येतं. हे शक्य झालं, तर बाकीचंही होईल.

(शेवटी श्रोत्यांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, “निवृत्तीनंतर लोक गावी परततायत, त्याने कोकण पुन्हा भरेल का?”)

काका, परततायत हे खरं. घरं बांधतायत, चिरेबंदी, दुमजली. पण बघा, बांधकामाला मजूर बाहेरचा, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गडी, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वीसच्या खाली. साठीचा माणूस परतला की पेन्शन गावात येते, दुकानदाराचा धंदा वाढतो, पण शाळेत मूल येत नाही. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला, ग्रामीण भागातही दोनच्या खाली. त्यामुळे परतणाऱ्यांनी गाव भरेल असं मला वाटत नाही. गावात पैसा येईल. आणि परतलेला माणूस नाव कुठलंच कापत नाही. मतदान गावात, बँक दादरला, आणि छातीत दुखायला लागलं की मुलगा त्याला गाडीत घालून पुन्हा परळलाच आणतो.