देवमासे, क्रिल आणि चिमूटभर लोखंड

(दृश्य : आकाशातून दिसणारा अंटार्क्टिकाचा किनारा. गोठत चाललेला समुद्र.)

मार्च उजाडला की अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गोठायला लागतो. समुद्राचं खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यासाठी पारा उणे १.८ पर्यंत उतरावा लागतो. सप्टेंबरपर्यंत सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर समुद्र बर्फाने झाकला जातो. भारताच्या पाचपटीहून मोठा हा पसारा. फेब्रुवारीत त्यातला साधारण सहावा हिस्सा उरतो, बाकी सगळा वितळून जातो.

आता हा बर्फ जवळून बघूया.

(दृश्य : बर्फाचा उभा काप. तळाशी तपकिरी पट्टा.)

पाणी गोठतं तेव्हा मिठाला बर्फाच्या स्फटिकात जागा नसते. ते बाहेर ढकललं जातं. त्यातलं थोडं मीठ अतिखारट पाण्याच्या रूपात बर्फातल्याच केसाएवढ्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. या नळ्यांमध्ये आणि बर्फाच्या तळाला एकपेशीय शेवाळ वाढतं. वरून झिरपणाऱ्या अंधूक उजेडावर ते अन्न तयार करतं, आणि त्याच्यामुळे बर्फाचा तळ असा तपकिरी दिसतो. इथलं हिवाळ्यातलं कुरण हेच.

या कुरणावर चरतं ते क्रिल. कोळंबीसारखा दिसणारा, फार तर सहा सेंटिमीटरचा जीव. हा उलटा होतो, पोट बर्फाकडे करतो आणि पायांच्या टोकांनी शेवाळ खरवडून खातो. मोठं क्रिल कित्येक महिने उपाशी राहू शकतं. तेवढ्या काळात त्याचं अंग चक्क आकसतं. पिल्लांना मात्र हे जमत नाही. त्यांच्याकडे चरबीचा पुरेसा साठा नसतो. त्यांचा पहिला हिवाळा बर्फाखालच्या शेवाळावरच निघतो.

बाहेर ढकललेल्या बाकीच्या मिठाने भोवतालचं पाणी जड होतं आणि खोल बुडतं. जाताना पृष्ठभागावरचा प्राणवायू घेऊन जातं. हेच पाणी तळातळाने सरकत उत्तरेला येतं, थेट हिंदी महासागराच्या तळापर्यंत. तिथल्या गडद अंधारातल्या जीवांना श्वासापुरता प्राणवायू मिळतो, तो या पाण्यामुळे.

(दृश्य : हिममासा. पारदर्शक अंग, पांढरट कल्ले.)

थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. म्हणून तर हा हिममासा हिमोग्लोबिनशिवाय जगतो. त्याचं रक्त लाल नाही, पाण्यासारखं आहे. प्रौढ वयातही असं जगणारे पाठीच्या कण्याचे प्राणी जगात दुसरे नाहीत.

(दृश्य : समुद्राला भिडलेली हिमनदी. नंतर खुला, गडद निळा समुद्र.)

या समुद्राला नायट्रेट आणि फॉस्फेटची ददात नाही. कमी आहे ते लोखंड. इतकं कमी, की त्याच्यावाचून सूक्ष्म वनस्पतींची वाढ अडते. हिमनद्या खडक भरडत समुद्राकडे येतात, हिमनग तो भुगा दूरवर नेतात, आणि वितळलेल्या पाण्याबरोबर त्यातलं थोडं लोखंड वनस्पतींना मिळतं. पण मेलेल्या वनस्पतींबरोबर ते खाली बुडालं, की उजेडाच्या थरातून गेलंच म्हणायचं. तेच लोखंड पुन्हा वर खेळतं ठेवायचं, तर कुणीतरी ते खाऊन वरच सोडायला हवं.

(दृश्य : देवमाशाचा फवारा. मागे पाण्यात पसरत जाणारा नारिंगी ढग.)

हा नारिंगी ढग म्हणजे देवमाशाची विष्ठा. क्रिल वनस्पती खातं, त्यांच्यातलं लोखंड त्याच्या अंगात साठतं. देवमासा खोलवर जाऊन टनांनी क्रिल गिळतो, मात्र विष्ठा टाकतो वर, पृष्ठभागाजवळ. तिच्यातलं लोखंड भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पट दाट असतं. तेही नेमकं सूर्यप्रकाशात, वनस्पतींना हवं तिथे. मला तर या सगळ्या साखळीत याहून सुंदर दुवा सापडत नाही.

विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात २० लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. खाणारे संपले म्हटल्यावर क्रिल भरमसाट वाढेल, अशी अपेक्षा होती. तसं झालेलं दिसलं नाही. याचं एक सबळ स्पष्टीकरण आपण आत्ताच पाहिलं : देवमाशांबरोबर त्या पाण्याचं खतही गेलं.

(दृश्य : एम्परर पेंग्विनची वसाहत. करड्या पिसांची पिल्लं.)

आता बर्फच डळमळू लागला आहे. एम्परर पेंग्विन अंडी घालतात किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्री बर्फावर, तेही भर हिवाळ्यात. पिल्लांना पाणी न शिरणारी पिसं फुटेपर्यंत तो बर्फ टिकावा लागतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीपर्यंत. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. पिल्लं जगली नसावीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २० लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासून तो इतका कमी कधीच नव्हता.

(दृश्य : क्रिल पकडणारं जहाज.)

आणि त्याच पाण्यात जाळी ओढली जातायत. माशांच्या खाद्यासाठी, ओमेगा-३ च्या गोळ्यांसाठी. अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांसाठी १९८२ मध्ये लागू झालेल्या कराराने यावर मर्यादा घातली आहे : जिथे ही मासेमारी एकवटलीय, त्या नैर्ऋत्य अटलांटिकच्या पट्ट्यात वर्षाला ६ लाख २० हजार टन. एकूण क्रिलच्या मानाने हा आकडा छोटा. पण जहाजं जातात तिथेच, जिथे पेंग्विन आणि देवमासे चरतात. शिवाय जाळ्यात गेलेल्या क्रिलमधलं लोखंड त्या पाण्यात परतत नाही. मर्यादा ठरवताना टनांबरोबर या लोखंडाचा आणि कमी होत चाललेल्या बर्फाचाही हिशेब मांडायला हवा.

हे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र आज वास्कोत आहे. आणि क्रिलची मर्यादा जिथे ठरते, त्या कराराच्या आयोगावर भारत सदस्य आहे.