शुगरची गोळी आणि साथीचा विषाणू

मित्रहो, मधुमेहाचं औषध शोधणारे आणि साथीच्या विषाणूवर उपाय शोधणारे लोक वेगळे, त्यांची वाटही वेगळी, असं आपण धरून चालतो. मला मात्र आज एकाच गोळीबद्दल बोलायचं आहे. इथल्या अनेकांच्या घरी ती रोज घेतली जाते. मेटफॉर्मिन.

हे रसायन 1922 साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झालं. इन्सुलिन नुकतंच हाती आलं होतं, त्यामुळे याच्याकडे कोण बघणार? ते मागे पडलं. पुढे 1949 च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये युसेबिओ गार्सिया या डॉक्टरांनी ते दिलं फ्लूच्या रुग्णांना! औषधानं रक्तातली साखर उतरते, हेही त्यांनी लिहून ठेवलं. त्या नोंदीचा धागा पकडून पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन पाहिलं आणि 1957 मध्ये निष्कर्ष छापले. आज जगभर कोट्यवधी लोक ही स्वस्त गोळी घेतात. गार्सियांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

कोविड आला आणि ही गोळी पुन्हा विषाणूपाशी आली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकारानं तेराशेहून अधिक जादा वजनाच्या कोविड रुग्णांवर चाचणी झाली. काहींना मेटफॉर्मिन, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. ठरवलेला मुख्य प्रश्न होता: ऑक्सिजन घसरणं, इस्पितळात जावं लागणं, मृत्यू, हे सगळं मिळून कमी होतं का? तसं सिद्ध झालं नाही. पण दहा महिन्यांनी पाहिलं तर लाँग कोविडचं, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासाचं, निदान झालेले रुग्ण दुसऱ्या गटात 10.4 टक्के होते, मेटफॉर्मिनच्या गटात 6.3 टक्के. नाकातल्या विषाणूचं प्रमाणही कमी आढळलं. मला हे फार आशादायक वाटतं. तरी तो दुय्यम निष्कर्ष आहे, तेव्हा कुणी मनानं गोळी सुरू करू नये.

मी एवढं बजावतोय, कारण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाचं काय झालं ते आपण पाहिलंय. भारतात मधुमेहासाठीही मान्यता असलेलं हे औषध 2020 मध्ये, कोविडवर चालेल या आशेनं, दुकानांतून गायब झालं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं जूनमध्ये दाखवलं, की इस्पितळातल्या कोविड रुग्णांना त्याचा फायदा नाही. त्याच चाचणीनं, त्याच महिन्यात, डेक्सामेथासोन हे जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं, हेही सिद्ध केलं. चाचणी सुरू झाली होती मार्चमध्ये. पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयं एकाच पद्धतीनं रुग्ण नोंदवत होती, म्हणून हे एवढ्या लवकर कळलं.

स्टेरॉइडनं साखर चढते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे, जबडे गेले, ते आठवा. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि स्टेरॉइडही दिलेलं होतं. म्हणून माझी आरोग्य खात्याकडे दोन मागण्या आहेत. स्टेरॉइड सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाची साखर रोज तपासली जावी. आणि पुढची साथ येण्याआधीच जिल्हा रुग्णालयं अशा चाचण्यांसाठी जोडलेली असावीत, संमतीपत्रं सोप्या मराठीत तयार असावीत.