तांबड्याच्या पलीकडे

(दृश्य: अंधारी खोली. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप. टेबलावर रंगांचा पट्टा.)

साल १८००. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून सोडला आहे आणि टेबलावर सात रंगांचा पट्टा पडला आहे. यात नवं काही नाही, न्यूटनने हे कधीच दाखवून दिलं होतं. हर्शल यांना पडलेला प्रश्न वेगळा आहे : कोणता रंग जास्त तापवतो? म्हणून ते एकेका रंगात तापमापी ठेवून बघतात. जांभळ्यात पारा थोडासाच चढतो, हिरव्यात त्याहून जास्त, तांबड्यात आणखी जास्त. मग ते तापमापी तांबड्याच्याही पुढे सरकवतात. तिथे कुठलाच रंग नाही, नुसतं टेबल आहे.

पारा आणखी वर जातो.

तिथे काहीतरी पडत होतं. सूर्याकडूनच आलेलं, लोलकातूनच वळलेलं, पण डोळ्यांना न दिसणारं. त्याला आज आपण अवरक्त किरण म्हणतो. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी पट्ट्याचं दुसरं टोक धुंडाळलं. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळं पडतं. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सगळ्यांत लवकर काळं पडलं. ते अतिनील किरण.

(दृश्य: दोरीवरून धावणारी लाट. हळूहळू दोरी नाहीशी होते, लाट तेवढी उरते.)

पण मुळात प्रकाश म्हणजे काय? विद्युतभार थरथरला की त्याच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र बदलतं. बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुन्हा विद्युत क्षेत्र. एकमेकांना जन्म देत ही जोडी पुढे धावत सुटते. तिला हवा लागत नाही, पाणी लागत नाही, अगदी पोकळीतूनही ती जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी या लहरींचा वेग गणिताने काढला. त्यासाठी वापरलेली मोजमापं वीज आणि चुंबकत्वाच्या प्रयोगांतली होती, प्रकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. हा तर प्रकाशाचा वेग! विज्ञानाच्या इतिहासात मला याहून सुंदर क्षण फार थोडे दिसतात. प्रकाश हीच एक विद्युतचुंबकीय लहर आहे, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये मांडलं. पुढे सुमारे वीस वर्षांनी हाइनरिश हर्ट्झ यांनी विजेच्या ठिणग्यांतून अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. त्या डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या. त्या होत्या रेडिओ लहरी.

(दृश्य: हार्मोनियमच्या पट्ट्यांवर फिरणारी बोटं.)

हर्शल मूळचे संगीतकार, तेव्हा उदाहरणही सुरांचंच घेऊ. वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते. वरचा सा खालच्या सा च्या दुप्पट वारंवारतेचा असतो. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे एका लहरीची लांबी, सुमारे ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची सुमारे ४०० (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तरंगलांबी जितकी कमी, तितकी वारंवारता जास्त. म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत वारंवारता दुपटीलाही पोचत नाही. आपण पाहिलेला प्रत्येक रंग या एका अपुऱ्या सप्तकात बसतो. आणि पूर्ण वाद्य केवढं आहे? किलोमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींपासून मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाएवढ्या गॅमा किरणांपर्यंत मोजलं, तर जवळजवळ ५० सप्तकं भरतात! त्याच्याही दोन्ही बाजूंना पट्टी संपत नाही. याच अखंड पट्टीला विद्युतचुंबकीय वर्णपट म्हणतात. पुस्तकातल्या आकृतीत तिचे कप्पे पाडलेले असतात, पण ते आपल्या सोयीसाठी. निसर्गात रेडिओ आणि सूक्ष्मलहरी यांच्यामध्ये भिंत नाही.

(दृश्य: मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार, जवळून.)

लहरीच्या लांबीने काय फरक पडतो, ते या दारात दिसतं. काचेला लागून बारीक भोकांची धातूची जाळी आहे. आतल्या सूक्ष्मलहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या भोकातून ती बाहेर निसटू शकत नाही, जाळीवरून परत फिरते. दृश्य प्रकाशाची लहर त्या भोकाच्या हजारो पटींनी लहान, ती आरपार येते. म्हणून आतलं अन्न दिसतं आणि ते तापवणाऱ्या लहरी मात्र आतच राहतात.

जांभळ्याच्या पुढे गेलं, की आणखी एक गोष्ट बदलते. प्रकाश ऊर्जेच्या छोट्या छोट्या पुड्यांनी येतो, आणि वारंवारता वाढली की प्रत्येक पुडी जड होते. अतिनील किरणांच्या पुड्या त्वचेतल्या रेणूंना इजा करतात. त्यातले बरेच किरण वातावरणातला ओझोन वरच अडवतो. क्ष-किरण विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये सापडले. ते मांसातून सहज जातात, हाडातलं कॅल्शियम त्यांना जास्त अडवतं, म्हणून हाडांचं चित्र उमटतं. गॅमा किरण अणूच्या केंद्रकातून निघतात. योग्य नेम धरून त्यांनीच कर्करोगाच्या पेशी मारता येतात.

(दृश्य: पुन्हा अंधारी खोली. कॅमेऱ्यासमोर एक मुलगी.)

आता दिवे बंद करू. तुम्हाला काही दिसत नाही, पण खोलीत काळोख नाही. ३७ अंशांचं आपलं शरीर सतत अवरक्त लहरी सोडत असतं, त्यातल्या बऱ्याचशा १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या. हा अवरक्त कॅमेरा त्या पकडतो. बघा, तिचा चेहरा उजळलाय, नाकाचा शेंडा गार म्हणून जरा मंद दिसतोय. आता ती भिंतीवर हात टेकवते. थोडं थांबते. हात काढते.

(दृश्य: भिंतीवर उजळ पंजा. निवेदन थांबतं. पंजा हळूहळू विझत जातो.)