शामायच्या तेर्सातली नावं

मंडळी, मला गावातल्या एका मोठ्या बाईबद्दल बोला असं सांगितलं तेव्हा डोक्यात दुसरं नाव आलंच नाही. शामाय म्हणजे आजी, बार्देशातल्या किरिस्तांव घरांत आजीला असंच म्हणतात, पण ही आमच्या अख्ख्या वाड्याची शामाय होती. आमचं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, आणि त्या गडग्यावरून वाट्या, ताटं, निरोप, भांडणं सगळं इकडून तिकडे जायचं.

तिला लोक देवभोळी म्हणायचे. मला हा शब्द आवडत नाही, आज इथे बोलायला उभा राहिलोय तोही खरं तर त्याच रागातून. तिचा देवावर विश्वास होता, प्रचंड होता, पण भोळेपणा तिच्यात औषधालाही नव्हता.

संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलसची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा झाली की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, मग नातवंडं हात जोडून तिच्यापुढे यायची, बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायची आणि ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायची. थोड्या वेळाने तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू व्हायचा. त्यांच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतीला ओरातोर होतं, लाकडी देव्हारा, आत सायबीण म्हणजे मेरी माता, खुरीस म्हणजे क्रूस, गोंयच्या सायबाचं म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं चित्र, खाली तेलाचा दिवा. माळेचे पाच भाग, त्यांना दशकं म्हणतात, प्रत्येकात दहा नमान मोरिये, म्हणजे मेरीची प्रार्थना. तिच्या माळेतला एक मणी कधीतरी तुटून हरवला होता, त्या जागी तिने नवऱ्याच्या बोटीवरच्या शर्टाचं बटण ओवलं होतं, आणि म्हणता म्हणता बोटं त्या बटणावर आली की आवाज जरासा खाली यायचा, हे मी गडग्यावर बसून कितीदा ऐकलंय.

नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, होता. बोट मिळेपर्यंत मुंबईत कुडीत राहायचा. धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावागावांच्या कुडी होत्या, स्वस्तात झोपायला जागा, ट्रंक ठेवायला जागा, आणि प्रत्येक कुडीत आल्तार, रात्री तेर्स म्हणायचाच हा नियम. शामाय म्हणायची, तो तिथे म्हणतो मी इथे म्हणते, म्हणजे आम्ही एका जागीच बसलोय ना? वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसाबरोबर तिने असा संसार केला, चार मुलं वाढवली, शेत बघितलं, माडांचा हिशेब ठेवला. आपण गोव्याच्या दर्यावर्दी पुरुषांबद्दल भरपूर बोलतो, पण त्यांच्या मागे घर कोणी धरून ठेवलं ते फारसं कोणी सांगत नाही.

तेर्स संपला की पुढे नावं यायची, आणि मला सांगायचंय ते या नावांबद्दलच. एक ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना बोटीवर असलेल्यांसाठी, एक मेलेल्यांसाठी, एक वरच्या घरातल्या बाळंतिणीसाठी, एक ज्या पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, मुलगा दारू पितो त्याच्यासाठी, असं करत करत यादी वाढतच जायची, पोरं झोपेने पेंगायची. आणि रात्री जिचं नाव घेतलं तिच्या दारात सकाळी शामाय हजर! बाळंतिणीकडे पेज, पदेराच्या पोराला चार शिव्या, म्हाताऱ्याच्या औषधाला पैसे. तिच्या मागण्यातलं अर्धं काम ती देवाला सांगायची आणि अर्धं स्वतः करायची, दोन्हीत तिला काही फरक वाटत नव्हता.

मुलीच्या लग्नाआधी तिने भिकाऱ्यांचं जेवण घातलं तेव्हा मी लहान होतो. घराण्यातल्या मेलेल्यांच्या नावाने गरिबांना बोलवून आधी त्यांना पोटभर वाढायचं, मग रोस, म्हणजे नारळाचा रस लावायचा विधी, मग लग्न. माझी आजी गडग्याशी उभी राहून बघत होती आणि म्हणाली, अगं आपल्याकडे नांदीश्राद्ध तसंच हे. शामायने स्वतः पानं वाढली, जेवणाऱ्यांचे हात धुवायला स्वतः पाणी घातलं, सुनेला करू दिलं नाही.

नाताळाला कुसवाड, म्हणजे गोडधोडाचं ताट, यायचं. दोदोलासाठी ती दोन दिवस राबायची, नारळाचा रस, तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, चुलीवर कढई आणि हात थांबवायचा नाही, थांबला की खाली लागलं. आजी अंडं खायची नाही म्हणून आमचं ताट वेगळं, त्यात अंडं घातलेली बोलिन्य बिस्किटं कधीच नाहीत, दोदोल, नेवऱ्या आणि कुलकुल, वर क्रोशाचा रुमाल. ते ताट रिकामं परत करायचं नाही, गणेशचवथीला आमच्या नेवऱ्या त्याच ताटातून जायच्या. आणि ईस्टर झाल्यावर पंधरा दिवसांनी सोमवारी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं, तिथे या दोघी मिळून जायच्या. शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्रीस बहिणी असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे आजीला तिथे तेल घेऊन जाताना परकं वाटायचा प्रश्नच नव्हता. दोघी परत यायच्या त्या खाजं आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन, म्हणजे सुंगटं एकीचीच.

माझी आजी पडली ती ऐन पावसाच्या रात्री. लाईट गेलेले, बाबा बाहेरगावी, एका दवाखान्याने बेड नाही म्हणून परत पाठवलं. शामाय त्या टॅक्सीत आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, एका हाताने माळ आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला रस्ता दाखवत होती, आणि दुसऱ्या दवाखान्यात बेड मिळेपर्यंत काउंटरवरून हललीच नाही. आजी वाचली, पुढे सहा वर्षं जगली. आजी गेली त्या रात्री गडग्यापलीकडून मी पहिल्यांदा तिचं नाव मेलेल्यांच्या आमच्या बापामध्ये ऐकलं. लक्ष्मीपूजन करणारी माझी आजी, आणि तिच्यासाठी रोज तेर्सात एक प्रार्थना, कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

शामायच्या शेवटच्या काही वर्षांत तिचा एक नातू पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, तिथे आता गोंयकार बरेच आहेत. इथे तेर्स सुरू व्हायचा तेव्हा त्याची तिथे दुपार, तो ब्रेकमध्ये फोन लावून कानाला धरायचा. तो घाईत म्हणून नावं गाळायचा आणि ती त्याला फोनवरून रागवायची, परत म्हण, सगळी म्हण.

ती गेली तेव्हा त्याला लगेच यायला जमलं नाही, म्हयन्याच्या मिसाला, म्हणजे महिन्यानंतर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, आला. त्या संध्याकाळी मी आमच्या बाजूला गडग्याशी उभा होतो. आत सून तेर्स सांगत होती, माळ तीच, बटण तेच. नावं सुरू झाली, ती एका ठिकाणी अडखळली, आणि त्या पोराने मागून माझ्या आजीचं नाव सांगितलं.