फिल्टर कापल्यावर

[दृश्य: नागपूरचा सोनेगाव विमानतळ, सकाळ. मोठं प्रवासी विमान उतरतंय. कॅमेरा वळून एका छोट्या हँगरकडे.]

निवेदन:
इथून जवळच, मिहान या विशेष आर्थिक क्षेत्रात, बोइंगची विमानं देखभालीला येतात. तसल्या जेट इंजिनांत तेलाच्या वाटेवर चुंबकी डिटेक्टर असतात. लोखंडाचा कण आला की तिथं अडकतो. आपल्याला जायचंय या लहान हँगरमध्ये. सेसना 152. दोन आसनं, चार सिलिंडर, लायकॉमिंग कंपनीचं 110 हॉर्सपॉवरचं इंजिन. शिकाऊ वैमानिकांचं विमान. याच्या पोटात काय चाललंय हे सांगतो तो तेलाचा फिल्टर. दर 50 तासांच्या उड्डाणानंतर किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तो काढायचा. आणि कापायचा.

[दृश्य: फिल्टर व्हाइसच्या पकडीत. कटर गोल फिरतंय.]

करवत चालत नाही. करवतीनं पत्रा कापला की त्याचाच कीस आत पडतो, मग इंजिनाचा धातू कुठला आणि पत्र्याचा कुठला, हा नवा घोळ. म्हणून हे कडेनं फिरणारं कटर. आतला कागद पात्यानं सोडवायचा, तेल पिळून काढायचं, घड्या उलगडून उन्हात धरायच्या. उन्हाची नागपुरात काय कमी!

"काय दिसून राहिलं?" मोठे इंजिनिअर हाताखालच्या पोराला विचारतात.
"चमकून राहिलं, सर. बरंच आहे."
"चुंबक लाव. पिशवीत घालून लाव, नाहीतर कण काढत बसशील त्याच्यावरचे."

चमकतं ते सगळं धातूच असतं असं नाही. जळक्या तेलाचा कार्बनही चकाकतो. पण तो नखाखाली चुरडतो. चुंबकाला धरलं ते लोखंड किंवा पोलाद: कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा), टॅपेट (त्या उंचवट्यांवर टेकणारा भाग), गिअर, पिस्टनच्या रिंगा. धरलं नाही, पांढरट आणि हलकं, तर बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टन-पिनची टोकं. खात्री हवी तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकायचं. बुडबुडे आले की ॲल्युमिनियम. तो वायू हायड्रोजन असतो, त्यामुळे हे हातमोजे नि चष्मा घालून, मोकळ्या हवेत. पिवळसर कण दिसला तर ब्रॉन्झ. शोध बुश आणि व्हॉल्व्ह गाइडकडे वळतो.

या फिल्टरमधलं जवळजवळ सगळं चुंबकाला धरलंय.

आता किती, हा प्रश्न. लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन 480 मध्ये, म्हणजे कंपनीच्या देखभालीच्या सूचनापत्रात, त्याची पायरीपायरीनं उत्तरं आहेत. एक सोळांश इंचापर्यंतचे, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचे मोजकेच कण असतील तर विमान उडवा, 25 तासांनी पुन्हा पाहा. अर्धा टीस्पून धातू निघाला तर विमान उभं करायचं आणि इंजिन उतरवायचं. इथं टीस्पून लागलाच, तेवढा धातू निघाला.

[दृश्य: एक सिलिंडर काढलेला. पोकळीत टॉर्चचा उजेड. कॅमच्या उंचवट्यावर खड्डे.]

कॅमशाफ्ट. या इंजिनांत तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वर बसतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि पोलाद उघडं पडतं. विदर्भाचा पावसाळा, आठवडेच्या आठवडे उड्डाण नाही, हवेत ओल. गंजाचा बारीक ठिपका पडतो. पुढं दर फेरीला टॅपेट त्या ठिपक्यावरून घासत जातो आणि पोलादाचे पापुद्रे सुटायला लागतात. नुकसान पावसाळ्यात होतं, पण कळतं ते उडायचा मोसम ऐन भरात असताना.

"पण सर, इंजिन तर चालू करत होतो ना मधेमधे."

हा बचाव कुठल्याही हँगरमध्ये ऐकायला मिळेल. जमिनीवर थोडा वेळ चालवलेलं इंजिन तेल पुरतं तापवत नाही. ज्वलनातलं पाणी आतच राहतं. कंपनीचं म्हणणं असं की 30 दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडवा, तेल 74 ते 93 अंश सेल्सियसला नेऊन. उभ्या उभ्या फटफट केल्यानं मनाचं समाधान होतं, एवढंच.

तेल प्रयोगशाळेत पाठवण्याचीही रीत आहे. 1940 च्या दशकात अमेरिकी रेल्वेनं डिझेल इंजिनांसाठी ती वापरली, विमानांत नंतर आली. दहा लाख भागांत लोह किती, तांबं किती, हे कळतं. पण ती तपासणी काही मायक्रॉनचे कण मोजते. डोळ्यांना दिसणारा पापुद्रा तिच्या हिशेबात येत नाही. म्हणून अहवाल चांगला आला तरी फिल्टर कापणं सुटत नाही.

[दृश्य: टेबलावर पाइप, पंप, ऑइल कूलर. इंजिनाची केस दोन भागांत उघडलेली.]

कॅमशाफ्ट बदलायला इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उघडावी लागते. मालकांना वाटतं, एवढ्या खर्चात काम संपलं. खरं काम इथून पुढं आहे. तेलाची वाट बघा: तळातून जाड जाळी, मग पंप, मग कूलर, मग फिल्टर, मग बेअरिंगा. म्हणजे फिल्टर जे अडवतो ते कूलरमधून आधीच जाऊन आलेलं असतं. पंपाच्या गिअरवर ओरखडे आहेत का पाहायचं. जादा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडायचा. त्याच्या बैठकीवर एक कण बसला तरी तेलाचा दाब पडतो. आणि फिल्टरवर तरी डोळे मिटून भरवसा नको. तो तुंबला, किंवा डिसेंबरच्या गारठ्यात तेल घट्ट झालं, की बायपास उघडतो आणि तेल न गाळता पुढं जातं. म्हणून बेअरिंगांच्या मऊ थरात पोलाद रुतलंय का, तेही तपासायचं.

कूलरवर मात्र नेहमी वाद होतो. स्पिरिटनं धुऊन घेऊ, चालेल, असं कुणीतरी म्हणतंच. अरुंद वाटा, कोपरे. धुताना जे निघत नाही ते तापल्यावर आणि थरथरल्यावर सुटतं. माझं मत विचाराल तर हा कूलर नि त्याचे होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, फेकून द्यावेत. नव्या कॅमशाफ्टच्या बिलापुढं ती काटकसर फसवी आहे.

[दृश्य: लॉगबुक. पेन.]

मोठे इंजिनिअर नोंद करतात: कॅमशाफ्ट, टॅपेट, कूलर, होज नवे. जमिनीवर चालवून जाळी तपासली, स्वच्छ. पुढचा फिल्टर 10 तासांनी, त्यानंतरचा 25 ला.

"दोन्ही कापायचे?" पोरगा विचारतो.
"कापायचे. अन् मला दाखवायचे."