आठ ऋतूंची वाट : सामी रेनडिअरपालकांची गोष्ट

[दृश्य : बर्फाचं पठार. दूरवर कळपाची काळी रेघ.]

उत्तर नॉर्वेतलं काउतोकेनो. एप्रिल लागलाय, पण पठारावरचा बर्फ हललेला नाही. कळपातल्या गाभण माद्या मात्र अस्वस्थ झाल्यात. त्यांची तोंडं सारखी समुद्राकडे वळतात. त्यांच्या आयांनी जी कुरणं त्यांना दाखवली, तिथंच जाऊन त्यांना व्यायचंय. माणसं सामानाची बांधाबांध करतात ती या माद्यांचा कल बघून. वाट जनावर दाखवतं, माणूस मागून चालतो. उत्तरेतल्या या लोकांचं सगळं जगणं या एका रीतीवर उभं आहे.

हे सामी लोक. त्यांची भूमी साप्मी. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प मिळून ती होते. थंडी किती? इथून जवळच्या कारास्योक गावी १ जानेवारी १८८६ ला पारा उणे ५१.४ अंशांवर उतरला होता. नॉर्वेत त्याहून कमी तापमानाची नोंद आजवर झालेली नाही.

सगळे सामी रेनडिअर पाळत नाहीत. बहुतेक जण मासेमारी, शेती, नोकरी करतात. कळप राखणारे थोडेच. पण चारशे वर्षं राज्यकर्त्यांचं ज्या गोष्टीशी भांडण चाललंय, ती गोष्ट या थोड्यांकडे आहे. वर्षातून दोनदा चालली जाणारी वाट.

भटके म्हटलं की लोकांच्या मनात बेठिकाण माणसं येतात. सामींच्या बाबतीत हे साफ चूक आहे. हिवाळ्याची कुरणं कोणती, पाडसं कुठं जन्मणार, नदी कुठल्या उतारावर ओलांडायची, हे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. त्यासाठी त्यांनी वर्षाचे आठ ऋतू केलेत. आपल्याला जिथं एकच वसंत दिसतो, तिथं ते आधी वसंती हिवाळा धरतात, मग वसंत, मग वसंती उन्हाळा. प्रत्येक ऋतूची जमीन वेगळी आणि काम वेगळं.

ही वणवण हौसेची नाही. हिवाळ्यात रेनडिअर जगतो तो दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीवर. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच कुळातलं, पण पांढुरकं आणि जमिनीवर गादीसारखं पसरणारं. बर्फाखाली जनावराला त्याचा वास लागतो आणि खुरांनी बर्फ उकरून ते खातं. ही वनस्पती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एकदा ओरबाडलेली जमीन सावरायला दशकं जातात. एकाच जागी बसून राहिलं, तर आधी जमीन मरेल, मग कळप, मग माणूस.

[दृश्य : लाव्वु तंबू. मधोमध चूल, छतातून निघणारा धूर.]

वाटेवरचं घर म्हणजे लाव्वु. काठ्यांचा शंकूच्या आकाराचा तंबू, मधोमध दगडांची चूल. आत कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असे. चुलीमागची, दारासमोरची जागा सगळ्यांत पवित्र. भांडीकुंडी तिथं, आणि ज्या घरात ढोल असे, तिथं ढोलही तिथंच.

जुन्या श्रद्धेत या घरात देवी राहत. साराहक्का चुलीखाली. खाण्यापिण्यातला थोडा वाटा तिला दिला जाई आणि बाळंतीण तिच्या नावाची लापशी खाई. तिची बहीण उक्साहक्का दाराशी. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांना, चालायला लागलेल्या पोरांना ती सांभाळी. घर रोज उचलून पुढं न्यायचं, तेव्हा देवीही घरासोबत चालत. मला ही मांडणी फार सुंदर वाटते. चूल जिथं मांडाल, तिथं देव्हारा.

पायांत कातड्याचे जोडे, टोकाला वर वळलेले. ते टोक स्कीच्या पट्ट्यात अडकतं. आत मोज्यांऐवजी सुकवलेलं गवत. उन्हाळ्यात हे गवत कापायचं, कुटून मऊ करायचं, वेण्या घालून ठेवायचं. कडाक्याच्या थंडीत पाय वाचतो तो या गवतामुळं. तान्ह्या बाळाची झोळी लाकूड आणि कातड्याची, तिला चांदीचा दागिना टांगलेला. जमिनीखालच्या अदृश्य लोकांनी बाळ बदलून नेऊ नये म्हणून. गाक्ती हा त्यांचा निळा-लाल पोशाख. त्याच्या काठांवरून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते जाणकाराला लांबून कळतं. काही भागांत पट्ट्यावरच्या बिल्ल्यांवरून, गोल की चौकोनी, लग्न झालंय की नाही हेही.

आणि जोइक. गाण्याचा हा प्रकार ऐकताना आधी गोंधळायला होतं, कारण त्यात पुष्कळदा शब्दच नसतात. माणसाचा जोइक असतो, लांडग्याचा असतो, डोंगराचा असतो. त्या माणसाची चाल, त्याचा स्वभाव सुरांत उतरवायचा. ज्याचा जोइक, त्याच्या मालकीचा तो मानतात, रचणाऱ्याच्या नव्हे. दूर गेलेल्याचा, वारलेल्याचा जोइक म्हटला की तो माणूस जवळ येतो, असं सामी मानतात.

[दृश्य : मध्यरात्रीचा सूर्य. गोल कुंपणात धावणारा कळप.]

उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. दिवसा उकाडा आणि डास जनावरांना छळतात, म्हणून कान कातरायचं काम रात्री चालतं. कुंपणात कळप गोल गोल धावतो. पाडसाला आई ओळखता येते. माणसाचं काम एवढंच, की कुठलं पाडूस कुठल्या मादीमागं जातं ते नजर न हलवता बघायचं. मादीच्या कानावर जी खूण, तीच पाडसाच्या कानावर. चाकूच्या टोकानं दोन्ही कानांना ठरावीक खाचा द्यायच्या. अशा हजारो खुणा आहेत, प्रत्येक मालकाची वेगळी. सराव झालेला डोळा पळत्या जनावराची खूण वाचतो.

राखण सामाईक असते. काही कुटुंबांचा मिळून गट बनतो, त्याला सीडा म्हणतात. मालकी मात्र एकेकाची. मुलाला आणि मुलीला लहानपणीच स्वतःची खूण मिळते. १६७३ साली छापलेल्या एका लॅटिन ग्रंथातही दाताच्या रेनडिअरची नोंद आहे. बाळाचा पहिला दात ज्याला आधी दिसला, त्यानं बाळाला रेनडिअर द्यायचा. मूल मोठं होईस्तोवर त्याचा लहानसा कळप झालेला असे. बाईच्या खुणेची जनावरं लग्नानंतरही तिचीच राहत. सामी समाजात हे उघड होतं. स्वीडनच्या १९२८ च्या कायद्याला ते पटलं नाही. सामी नसलेल्याशी लग्न करणाऱ्या बाईचा कळपाचा हक्क त्या कायद्यानं काढून घेतला. पुरुषाला ही अट नव्हती.

[दृश्य : जुना ढोल. कातड्यावर लालसर चित्रं.]

आता थोडं मागं जाऊ. इ. स. ८९० च्या सुमारास ओत्तार नावाच्या उत्तरेतल्या नॉर्वेजियन सरदारानं इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या संपत्तीचा हिशोब सांगितला. तो लिहून ठेवला गेला. त्यात ६०० पाळीव रेनडिअर आहेत. शिवाय सामींकडून मिळणारी खंडणी : कातडी, पिसं, आणि जहाजांसाठी वॉलरस व सीलच्या चामड्याचे दोर. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीही हे लोक कुणाच्या तरी करवसुलीत होतेच. तेव्हा रेनडिअर पाळले जात ते थोडे, ओझ्यासाठी आणि रानटी कळपांना भुलवण्यासाठी. पोट चाले शिकारीवर आणि मासेमारीवर. मोठे कळप घेऊन लांबचं स्थलांतर मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकात वाढलं. रानटी रेनडिअर घटत गेले, करांचा बोजा चढत गेला.

त्याच काळात धर्मोपदेशक ढोलाच्या मागं लागले. हा ढोल नोआइदीचा, म्हणजे दैवताशी बोलणाऱ्या जाणत्याचा. कातड्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसानं सूर्य, देव, अस्वल, रेनडिअर, वस्ती काढलेली. त्यावर पितळी कडी ठेवायची आणि शिंगाच्या हातोडीनं ढोल वाजवायचा. कडी सरकत कुठं थांबते त्यावरून शिकार, आजारपण, वाट यांचा कौल घ्यायचा.

१६९१ च्या डिसेंबरात अँडर्स पॉल्सन या वृद्ध सामीचा ढोल जप्त झाला. पुढच्या वर्षी उत्तर नॉर्वेतल्या वाड्सो गावी त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. कोर्टात त्यानं एकेका चित्राचा अर्थ सांगितला, ही विद्या आईकडून शिकल्याचं सांगितलं. निकाल लागण्याआधीच एका वेडसर माणसानं त्याचा खून केला. १६९३ साली स्वीडनमध्ये लार्स निल्सन याला त्याच्या ढोलासकट जाळलं. असे शेकडो ढोल गेले. आज जगात सत्तरेक उरलेत. पॉल्सनचा ढोल डेन्मार्कच्या संग्रहालयाच्या मालकीचा होता. तो २०२२ साली कायमचा कारास्योकच्या सामी संग्रहालयाला मिळाला.

[दृश्य : नकाशा. सीमारेषा एकेक करून उमटतात.]

ढोल गेला तरी वाट होती. १७५१ साली डेन्मार्क-नॉर्वे (तेव्हा एकाच राजाखाली) आणि स्वीडन यांनी आपसांत सीमा आखली. त्या कराराला एक पुरवणी जोडली. तिच्यात लिहिलं की सामींनी जुन्या चालीप्रमाणं वसंतात आणि शरदात कळपांसह सीमा ओलांडावी. दोन राज्यांत युद्ध चालू असलं तरी. माझ्या मते युरोपातल्या शहाण्या कायद्यांत ही पुरवणी वरच्या ओळीत बसायला हवी. राजांनी पहिल्यांदा मान्य केलं, की ही वाट त्यांच्या रेषेहून जुनी आहे.

शंभर वर्षंच टिकलं हे शहाणपण. १८५२ साली नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातल्या फिनलंडमधली सीमा कळपांना बंद झाली. १८८९ ला फिनलंड आणि स्वीडनमधलीही. हिवाळी कुरणं एका देशात, पाडसं जन्मायची जागा दुसऱ्या देशात. १९१९ मध्ये नॉर्वे आणि स्वीडननं नवा करार केला. त्यानंतर उत्तरेतल्या कित्येक कुटुंबांना शेकडो किलोमीटर दक्षिणेला हलवलं गेलं. तिथली बोली वेगळी, आणि तिथं आधीच दुसऱ्या सामींचे कळप चरत होते. मादी जुन्या वाटेनं परत पळायची आणि घरचे तिला शोधत फिरायचे.

१८५२ च्याच ८ नोव्हेंबरला काउतोकेनोत उठाव झाला. दारू विकून कर्जात बुडवणारा व्यापारी आणि सरकारी अंमलदार, दोघे मारले गेले. दारूविरोधी धार्मिक जागृतीनं पेटलेली ही माणसं होती. अस्लाक हेत्ता आणि मॉन्स सोम्बी यांचा १८५४ मध्ये आल्ता इथं शिरच्छेद झाला आणि डोकी अभ्यासासाठी विद्यापीठात गेली. त्यांच्या कवट्यांना माती मिळाली ती १९९७ साली. तरुण लार्स हेत्ताची शिक्षा वयामुळं सौम्य झाली. त्यानं कैदेत बसून बायबल आपल्या भाषेत आणण्याचं काम केलं.

पुढची शंभर वर्षं भाषेवर घाव घालण्याची. नॉर्वेच्या शाळांत सामी बोलण्याला बंदी. १९०२ च्या कायद्यानं फिनमार्क या उत्तरेतल्या प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन यायलाच हवी. स्वीडननं उलटा डाव टाकला. कळपवाल्यांच्या मुलांना १९१३ पासून वेगळ्या, मुद्दाम हलक्या शाळा, म्हणजे ती शहाणी होऊन कळप सोडणार नाहीत. १९२२ मध्ये उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि तिचे लोक सामींची डोकी मोजत फिरले.

[दृश्य : आल्ता नदीची घळ. बर्फात बसलेले आंदोलक.]

वळण आलं ते एका धरणामुळं. आल्ता नदी अडवण्याच्या मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव बुडणार होतं. गाव वाचलं, धरण राहिलं. १९७९ च्या ऑक्टोबरात सामी तरुणांनी ओस्लोत थेट संसदेसमोर लाव्वु ठोकला आणि उपोषणाला बसले. १९८१ च्या जानेवारीत सुमारे ६०० पोलिसांनी धरणाच्या रस्त्यावरच्या आंदोलकांना उचललं. धरण झालंच. पण नॉर्वेला स्वतःकडे बघावं लागलं. १९८९ मध्ये सामी संसद उघडली आणि १९९० मध्ये आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारणारा नॉर्वे पहिला देश ठरला.

आता वाटेवर पवनचक्क्या आहेत. मध्य नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पावर १५१ उभ्या राहिल्या, तिथल्या कळपांच्या हिवाळी कुरणांत. रेनडिअर त्यांच्या आसपास फिरकत नाही. हवामान बदलाचा सगळ्यांत आधी तडाखा बसलेल्या या लोकांना हवामान वाचवण्याच्या नावानं जमीन मागितली जाते. हिवाळ्यात आता मध्येच पाऊस पडतो, तो गोठून बर्फाचं झाकण होतं, खालचं दगडफूल खुरांना लागत नाही. मग विकतचा चारा घालायचा, नाहीतर कळप उपाशी.

११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला : फोसेनचे परवाने अवैध, सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झालाय. चक्क्या फिरत राहिल्या. ५०० दिवस झाले तेव्हा गाक्ती घातलेल्या तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली. शेवटी २०२३ आणि २०२४ मध्ये तिथल्या दोन्ही गटांशी तडजोडी झाल्या. चक्क्या आजही उभ्या आहेत.

२०२१ चाच दुसरा एक निकाल मात्र बातम्यांत फारसा आला नाही. नॉर्वे-स्वीडनमधला कुरणांचा करार २००५ साली संपला आणि नवा लागू झालाच नाही. स्वीडनच्या बाजूचा सारिव्हुओमा हा सामी गट नॉर्वेत जुन्या उन्हाळी कुरणांवर कळप नेण्याचा हक्क मागत कोर्टात गेला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमचे पूर्वज इथं येत होते, कुणाच्या परवानगीनं नव्हे. जून २०२१ मध्ये न्यायालयानं मान्य केलं, की हा हक्क पूर्वापार वापरातून आलेला आहे आणि सरकारला तो फुकटात मिटवता येत नाही. दोन्ही देशांत नवा करार अजून लागू झालेला नाही. आणि स्वीडन आजही ज्या कागदाकडे बोट दाखवतं, तो १७५१ चा आहे.